मधुचंद्राचे अव्वल कारकून

विवाहाने दोन जीवांची गाठ पडते असे आपले धर्मशास्त्र सांगते. परंतु ती गाठ पडल्यावर त्या दोन जीवांनी कोठे जावे, किती वाजता निघावे, वाटेत काय खावे आणि परतताना कोणासाठी काय आणावे याविषयी शास्त्रकारांनी मौन पाळलेले असल्यामुळे, त्यांनी मोकळी सोडलेली ही जागा आपल्या समाजात एका विशिष्ट गृहस्थाने फार पूर्वीपासून बळकावलेली आहे. हा गृहस्थ बहुधा निवृत्त असतो, बहुधा कोणाचा तरी मामा असतो, स्वतः पंढरपूर आणि नाशिक यांच्यापलीकडे फारसा गेलेला नसतो, आणि तरीही चेन्नईच्या विमानतळावर स्वच्छतागृह डाव्या हाताला आहे की उजव्या, हे त्याला ठाऊक असते. आमच्या घराण्यात हे पद धाकट्या मामांकडे आहे.

मामांनी महसूल खात्यात 34 वर्षे काढली आणि अव्वल कारकून म्हणून ते सन्मानाने निवृत्त झाले. ज्या कागदावर जावक क्रमांक नाही तो कागद जन्मासच आला नाही, ही त्यांची श्रद्धा कचेरी सुटली तरी सुटली नाही. दुधाचा रतीब, गॅसची टाकी आणि मामींचे गुडघे या तिन्ही विषयांच्या स्वतंत्र नस्त्या त्यांच्या लाकडी कपाटात लाल फितीने बांधून ठेवलेल्या आहेत. अशा पुरुषासमोर बोलताना शब्द जपून वापरावे लागतात. माझ्या धाकट्या भावाने ते जपले नाहीत. लग्न ठरल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, तोंडात शंकरपाळे असताना, तो सहज म्हणून गेला, “आम्हांला जरा आरामही हवा आहे मामा, आणि जरा थरारही.” मामांनी पंचाच्या टोकाने चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका नव्या नस्तीवर त्यांच्या वळणदार अक्षरात मथळा पडला होता : ‘विषय : चि. धाकटे यांचा मधुचंद्र. विश्रांती व साहस यांचा समतोल राखणेबाबत.’

प्रथम प्रश्न आला बेटाचा. मालदीवचा प्रस्ताव वधूच्या मैत्रिणींकडून आला होता; तो मामांनी एका वाक्यात निकालात काढला. त्या सबंध राष्ट्राची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून दीड मीटर. जेथे चढायला टेकडी नाही तेथे साहसाचा रकाना भरायचा कसा? लक्षद्वीपला जाण्यासाठी परवाना लागतो हे कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला, आणि इतकी सुरेख कार्यपद्धती असलेले ठिकाण घाईघाईत वाया घालवू नये म्हणून ते त्यांनी माझ्या मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवले. ती सध्या आठवीत आहे. अखेर अंदमान मुक्रर झाले. वधूचे माहेर मालवणचे, तिच्या वडिलांना ही वार्ता फोनवरून कळवली तेव्हा पलीकडून बराच वेळ नुसती समुद्राची गाज ऐकू आली आणि मग प्रश्न आला, “दर्या बघूक इतक्या लांब कित्याक जावक होया?” हा आक्षेप मुदतीत न आल्याच्या कारणावरून फेटाळण्यात आला.

मग तक्ता तयार झाला. वेळ, ठिकाण, प्रकार आणि शेरा असे चार रकाने. प्रकाराच्या रकान्यात विश्रांतीसाठी ‘वि.’ आणि साहसासाठी ‘सा.’; आणि तळाशी दोहोंच्या तासांची बेरीज, जी मामांच्या मते पैशाप्रमाणेच पै न् पै जुळली पाहिजे. पहिले साहस अंदमानातले नव्हतेच. आमचे कुलदैवत खंडोबा, तेव्हा नवपरिणीत जोडप्याने प्रथम जेजुरीला जाणे क्रमप्राप्त, आणि नवऱ्याने नवरीला उचलून गडाच्या पाच पायऱ्या चढण्याची रीत असल्यामुळे, भावाच्या कमरेचा इतिहास लक्षात घेऊन मामांनी ती नोंद ‘सा.’ या सदराखाली केली होती. खरी पंचाईत पुढे झाली. सेल्युलर जेल हे कोणत्या सदरात घालावे? 1896 साली जिचे बांधकाम सुरू झाले आणि 1906 साली पुरे झाले, जिच्या सात बाह्यांपैकी आज तीनच उभ्या आहेत, आणि जेथे सावरकरांनी 1911 ते 1921 ही दहा वर्षे काढली, त्या वास्तूकडे पाठ फिरवून मराठी माणूस समुद्रस्नानाला जाऊच कसा शकतो, आणि गेलाच तर परत आल्यावर शेजाऱ्यांना तोंड कसे दाखवणार? परंतु कोलू पाहणे ही विश्रांती नव्हे, आणि तिकीट काढून पाहिलेल्या कोठडीला साहस म्हणण्याइतके मामा कोडगे नव्हते. दोन दिवस ते अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तक्त्यात ‘क.’ हे नवे सदर निर्माण केले : कर्तव्य. त्यात तुरुंग, तेथला संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा खेळ, आणि मामींसाठी बारा मोत्यांचा सर अशा तीन बाबी बसल्या.

विश्रांतीच्या बाबतीत मामांची दृष्टी किती सूक्ष्म होती याचा एक मासला मला मूळ कागदावरूनच दिला पाहिजे. ‘दुपारी 2 ते 3-30 : समुद्रकिनारी निवांत बसणे (सोबत छत्री). 3-30 ते 3-45 : निवांतपणा आवरणे. 3-45 : चहा.’ हे वाचून मी हसलो, तेव्हा मामी मेथी निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “हसू नका. आमच्या वेळी महाबळेश्वरला सासूबाई, दोघे दीर आणि वातींचा स्टोव्ह बरोबर होता. त्यात निवांत बसणं हे कलमच नव्हतं.”

तथापि मामांना केवळ हास्यास्पद ठरवून मोकळे होणे हा अन्याय होईल, कारण त्यांच्या तक्त्यात एक जागा अशी होती की जेथे मी मनातल्या मनात त्यांना मुजरा केला. हवेची टाकी पाठीवर बांधून पाण्याखाली उतरणारा माणूस दाबाखालची हवा श्वासात घेतो, त्या हवेतला नत्रवायू त्याच्या शरीरात नेहमीपेक्षा अधिक मुरतो, आणि तो पुरता निघून जाण्याआधी त्याने विमानात बसून वरच्या विरळ हवेत जाणे धोक्याचे ठरते. म्हणून शेवटची बुडी आणि विमान यांच्यामध्ये निदान एक सबंध दिवस जाऊ द्यावा असा पाणबुड्यांचा संकेत आहे. हौशी मंडळी बुडी मारण्याचा बेत नेमका अखेरच्या सकाळी ठेवतात. मामांनी ती दुसऱ्याच दिवशी ठेवली होती आणि शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या शाईने लिहिले होते : ‘नत्रवायू. हयगय चालणार नाही.’

मार्गशीर्षात लग्न झाले, आणि जेजुरी उरकून जोडपे निघाले. मामांच्या कागदावर सर्व स्थळांची नावे राजपत्राप्रमाणे अद्ययावत होती : पोर्ट ब्लेअरचे 2024 साली श्री विजयपुरम झाले, आणि हॅवलॉकचे स्वराज द्वीप व नीलचे शहीद द्वीप 2018 च्या अखेरीसच झाले. त्यामुळे धक्क्यावर भावाने मोठ्या अदबीने स्वराज द्वीपाच्या बोटीची चौकशी केली, खिडकीतल्या माणसाने “हॅवलॉक ना?” असे विचारले, आणि भावाने इकडेतिकडे पाहून, मामा 2000 किलोमीटर दूर आहेत याची खात्री करून घेऊन, हळूच मान डोलावली.

साहसाच्या दिवशी काय घडले ते मी भावजयीकडून ऐकले आहे. भावाची हकीकत निराळी आहे आणि ती विश्वसनीय नाही. किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभे करून शिक्षकाने त्यांना खुणा शिकवल्या. तर्जनी आणि अंगठा जुळवून वर्तुळ केले की ‘सर्व ठीक’. अंगठा वर केला की ‘मला वर न्या’. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की कानांतला दडा सुटतो. तोंडानेच श्वास घ्यायचा. हे सर्व भावाने मन लावून ऐकले; परंतु लग्नातल्या फेट्याला शोभावी म्हणून त्याने तीन महिने खपून मिशी वाढवली होती, आणि मिशीवर पाणचष्म्याची रबरी कड नीट बसत नाही, तिच्या फटीतून पाणी आत झिरपते, ही माहिती मामांच्या नस्तीत नव्हती. ती दोघे आपापल्या शिक्षकाबरोबर खाली गेली. प्रवाळावर पोपटी रंगाचे मासे चरत होते. भावजय म्हणते की त्यांच्या दातांचा कुरतडण्याचा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. शिक्षकाने भावाकडे वळून प्रश्नार्थक वर्तुळ केले. नाकात खारे पाणी चढत असलेला माझा भाऊ, ज्याची सारी नोकरी भ्रमणध्वनीवर वरिष्ठांना अंगठा दाखवण्यात गेली, त्याने हे दृश्य फारच सुंदर आहे असे कळवण्यासाठी मोठ्या उत्साहाने अंगठा वर केला. शिक्षकाने त्याला वर नेले. वर आल्यावर गैरसमज दूर झाला, ते दोघे पुन्हा खाली गेले, शिक्षकाने पुन्हा विचारले, आणि भावाने पुन्हा अंगठा वर केला. असे तीन वेळा झाले. मालवणची पोर मात्र एकदाही वर आली नाही.

संध्याकाळी राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त होता. मामांनी त्याची वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून घेतली होती, आणि त्या दिनदर्शिकेत मुंबईचा सूर्यास्त छापलेला असतो. वास्तविक घड्याळ साऱ्या देशाचे एक असले तरी सूर्य कोणत्याही परिपत्रकाला बांधलेला नाही. अंदमान मुंबईच्या पूर्वेला सुमारे वीस अंशांवर आहे, पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, आणि या हिशेबाने तेथला दिवस सव्वा तासाहून अधिक आधी आटोपतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास दिवेलागण. जोडपे पावणेसहाला पोचले तेव्हा पश्चिमेकडे पाहण्यासारखे काही शिल्लक नव्हते, आणि किनाऱ्यावरचा रक्षक शिटी वाजवून उरल्यासुरल्या माणसांना बाहेर काढत होता. ही बातमी समजल्यावर मामांनी त्याच रात्री शुद्धिपत्रक काढले, आणि ते भ्रमणध्वनीवरून रवाना झाले. त्यात पुढील सर्व सूर्यास्त ऐंशी मिनिटे अलीकडे ओढण्यात आले होते.

नीलवरचा सूर्यास्त त्यामुळे सापडला. तेथे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वस्ती केली, भाजीपाला पिकवला, आणि गावांना सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर अशी रामायणातली नावे दिली. सूर्यास्त पाहण्याचा किनारा लक्ष्मणपूरचा. ज्या पुरुषाने बायकोला घरी ठेवून चौदा वर्षे भावाबरोबर काढली, नेमक्या त्याच्या नावाच्या किनाऱ्यावर दररोज नवी जोडपी हातांत हात घालून बसलेली असतात, आणि ऊर्मिलेच्या नावाचा साधा धक्कादेखील तेथे असल्याचे माझ्या ऐकिवात नाही. असो.

पाचव्या दिवशी समुद्र खवळला आणि बोटी रद्द झाल्या. मामांच्या तक्त्याप्रमाणे त्या दिवशी सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत अकरा बाबी होत्या. त्यांतली एकही नीलवर नव्हती. सुदैवाने विमान सातव्या दिवशी होते. इकडे पुण्यात मामा दिवसभर येरझारा घालत होते, दर तासाला हवामानाची खबर घेत होते, आणि भावाचा फोन लागत नव्हता.

परत आल्यावर पाहुणचार नंतर, हिशेब आधी. भावाने पावत्यांचा जुडगा सादर केला. विमानतळावरच्या तपासणीत आईने मागवलेला शंख काढून घेतला गेला होता, कारण तेथून शंखशिंपले आणि प्रवाळ बाहेर नेण्यास बंदी आहे. ती बाब मामांनी तक्रार न करता खर्ची टाकली. मोत्यांचा सर मामींच्या गळ्यात पडला. सारे रकाने भरत गेले आणि पाचव्या दिवसाशी येऊन लेखणी थांबली. ‘वि.’ कोरे, ‘सा.’ कोरे, ‘क.’ कोरे. भावाने आडवी रेघ मारून लिहिले होते : ‘निरंक’. खाली खर्चाच्या दोनच नोंदी होत्या : पत्त्यांचा जोड, नग 1, शहाळी, नग 7.

मामांनी भिंगातून ती नोंद पाहिली, भावाकडे पाहिले, आणि समासात आक्षेप नोंदवला : ‘व्यक्ती दोन, शहाळी सात. समान वाटणी होत नाही. सातवे शहाळे कोणी घेतले आणि दिवसभर काय केले, याचा लेखी खुलासा करावा.’ भाऊ लाल झाला आणि काहीतरी पुटपुटला. भावजयीने मामांच्याच हातातली लेखणी मागून घेतली आणि आक्षेपाच्या खाली, त्यांच्यासारख्याच वळणदार अक्षरात, लिहिले : ‘सातवे दोघांत. बाकी निरंक.’

मामांनी ते दोनदा वाचले. चष्मा काढून पंचाच्या टोकाने पुसला. स्वयंपाकघरातून मामींच्या बांगड्यांचा आवाज येत होता, तिकडे एकदा पाहिले, आणि तांबडी शाई बाजूला सारून निळ्या शाईने शेरा मारला : ‘खुलासा समाधानकारक. दप्तरी दाखल.’