दोन मिनिटांच्या आत

चिनी भाषेच्या क्रमिक पुस्तकातली माणसं फार सालस असतात. ती एकमेकांना ग्रंथालयाचा रस्ता विचारतात, सफरचंदांचा भाव विचारतात आणि हवा चांगली पडल्याबद्दल समाधान व्यक्त करतात. कुणाचं पार्सल कुणी उचलून नेत नाही, वरच्या मजल्यावर कुणी पियानो बडवत नाही. मी दिली त्या जुन्या पद्धतीच्या एचएसके परीक्षेत चौथ्या पातळीसाठी या सज्जनांच्या संगतीत १२०० शब्द पाठ करावे लागायचे. तेवढं झालं की चिनी माणसांशी नाना विषयांवर सफाईने बोलता येतं, अशी परीक्षा घेणाऱ्यांचीच ग्वाही. मी पास झाले आणि लगोलग शांघायमधल्या आमच्या सोसायटीच्या वीचॅट ग्रुपवर दाखल झाले. सफाईचा विषय तिथेच मिटला.

वीचॅटच्या एका ग्रुपात ५०० माणसं मावतात आणि आमचा ग्रुप कायम काठोकाठ. नाव मात्र एकाचंही नाही. इथल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने स्वतःचं नाव काढून इमारत आणि घर क्रमांक लावायचा. त्यामुळे ‘७-४०२’ हे ‘१२-६०१’वर रुसतात आणि ‘३-२०३’ मध्यस्थी करतात. त्यात बोलण्यातही आकडेच. ८८ म्हणजे बाय-बाय, कारण आठला ‘बा’ म्हणतात. ६६६ म्हणजे वाहवा. ५२० हा आकडा भरभर म्हटला की ‘वो आय नी’च्या, म्हणजे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’च्या, जवळपास जातो. म्हणून २० मे हा प्रेमिकांचा दिवस. एरवी वीचॅटवरच्या लाल पाकिटात २०० युआनपेक्षा जास्त घालता येत नाहीत, पण त्या दिवशी कंपनी ही मर्यादा ५२०पर्यंत वाढवते. नवऱ्याला ही माहिती मी मुद्दाम दिली. तो ‘हो का’ म्हणाला.

होकाराचं प्रकरण तर आणखी नाजूक. पुस्तकात ‘हाओ’ म्हणजे बरं, एवढंच. ग्रुपवर ‘हाओ द’ म्हणजे आनंदाने. नुसतं ‘हाओ’ म्हणजे ठीक आहे, आता पुरे. ‘अं अं’ असं दोनदा आलं तर माया, एकदाच ‘अं’ आलं तर दार आपटलं असं समजायचं. सोसायटीचं व्यवस्थापन या सगळ्याच्या पलीकडे गेलेलं आहे. ते प्रत्येक तक्रारीला ‘शोउदाओ’ म्हणतं, म्हणजे ‘मिळालं’. तक्रार मिळाली, याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही. लिफ्ट तशीच कुंथते.

सगळ्यात धोकादायक तो साधा पिवळा हसरा चेहरा. आजी-आजोबा तो हसू म्हणूनच पाठवतात. पंचवीस-तिशीतली मंडळी तोच चेहरा ‘कळली तुमची लायकी’ या अर्थाने पाठवतात आणि त्याच अर्थाने वाचतात. तेव्हा वाक्य समजण्याआधी पाठवणाऱ्याचं वय समजलं पाहिजे, आणि घर क्रमांकावरून वय कळण्याची सोय अजून कुणी काढलेली नाही. एका आजींनी नातसुनेच्या बाळंतपणाच्या बातमीवर हे हसू टाकलं, तेव्हा ग्रुपच्या तरुण विभागात बराच वेळ सन्नाटा होता.

एका बाबतीत मात्र मी तयार होऊन आले होते. चिनी माणूस ग्रुपवर भांडताना कुणाचं नाव घेत नाही; घर क्रमांकसुद्धा घेत नाही. तो ‘मोउश्ये रन’ लिहितो, म्हणजे ‘काही लोक’. काही लोकांना कुत्र्याच्या मागे पिशवी घेऊन जाण्याची सवय नसते. काही लोकांच्या मुलांना रात्री दहानंतरच संगीताची ओढ लागते. ज्याचं बालपण सोसायटीच्या फळ्यावरचं ‘काही सभासद’ वाचण्यात गेलं, त्याला हे कुठल्या शिक्षकाने समजावून द्यावं लागत नाही. मी आधी ‘काही लोक’ कोण ते ओळखते, मग शब्दकोश उघडते.

उच्चारातही मराठी उपयोगी पडली. ‘आहात का?’ विचारणाऱ्या ‘त्साय मा’तला पहिला वर्ण इंग्रजांना छळतो, आपण चाकातला च लावून मोकळे होतो. (नुसतं ‘त्साय मा’ पाठवून पुढे काहीच न लिहिणाऱ्याला कुणी उत्तर देत नाही. पैसे उसने हवे असतात.) आणि इथे मावशी-काकू वयाच्या प्रत्येक बाईला ‘आयी’ म्हणतात. सासूबाई इथे राहायला आल्या होत्या, तेव्हा भाजीवाली, झाडूवाली आणि समोरच्या ‘४०१’ या सगळ्यांना मी एका सकाळीत आयी म्हटलेलं ऐकून त्या म्हणाल्या, “मला मात्र अजून अहो आईच!”

या आयांमधली पहिल्या क्रमांकाची आयी म्हणजे ‘त्वानजांग’. लष्करात हा रेजिमेंटच्या प्रमुखाचा हुद्दा. आमच्याकडे ती घाऊक खरेदीची प्रमुख असते. २०२२च्या वसंतात शांघाय कुलूपबंद असताना अशाच बायकांनी इमारतीच्या इमारती अंडी-भाजी पुरवून जगवल्या, आणि तो दरारा अजून टिकून आहे. जूनमध्ये ती जजियांगच्या यांगमेइ फळांची यादी सुरू करते. खाली प्रत्येकाने आपला क्रमांक जोडत जायचं आणि मधे अक्षर बोलायचं नाही. मी तोंडी परीक्षेला एवढी घाबरले नव्हते.

पण माझं वाचन सुधारलं ते दोन मिनिटांच्या नियमामुळे. वीचॅटवर पाठवलेला मजकूर दोन मिनिटांच्या आत मागे घेता येतो. मग तिथे फक्त ‘अमक्याने संदेश मागे घेतला’ एवढी ओळ उरते. ग्रुपवरचं जे जे म्हणून वाचण्यासारखं, ते ते याच दोन मिनिटांत येऊन जातं. त्यात संतापलेला माणूस टाइप करतो उच्चारावरून, आणि फोन पुढे करेल ते अक्षर न बघता दाबतो. त्यामुळे उच्चार बरोबर, अक्षर भलतंच. डोळ्यांनी वाचलं तर काहीच लागत नाही. मोठ्याने म्हणून कानांनी वाचावं लागतं. परिच्छेद निवांत वाचण्याची ऐट इथे चालत नाही. शब्दकोश उघडेपर्यंत शिवी गेलेली असते.

आत्ता हे लिहितानाच ‘७-४०२’ने लांबलचक काहीतरी टाकलंय. ‘काही लोक’ आहे, ‘पियानो’ दोनदा आहे, आणि शेवटी हसरा चेहरा. नवरा विचारतोय, जेवायला वाढायचं का. वाढ म्हणावं. अजून एक मिनिट चाळीस सेकंद आहेत.