६४० केबीतला संसार

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्यातल्या ८०८८ प्रोसेसरला एक मेगाबाइटपर्यंतच मोजता येई. वरचे ३८४ केबी पडदा आणि रॉमसाठी राखीव, प्रोग्रामांच्या वाट्याला ६४०. पुढे मशीनमध्ये चार-चार मेगाबाइट रॅम आली, तरी डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमची पथारी त्याच ६४०च्या खोलीत. बंगला बांधून ओसरीवर झोपणारी माणसं असतातच.

मग ती खोली मोकळी करायला आवराआवर. कॉन्फिग.सिस उघडा, हायमेम आणि ईएमएम३८६ लावा, ‘डॉस=हाय,यूएमबी’ लिहा, माउसचा ड्रायव्हर वरच्या ३८४ केबीत उरलेल्या रिकाम्या माळ्यावर ढकला. आता सीडी-रॉमचा मावत नाही. क्रम बदलला की तो मावतो आणि माउस धपकन खाली! १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये हे सगळं आपोआप करणारा मेममेकर आला, पण खऱ्या दर्दी माणसाने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. सून कितीही नीट आवरो, सासूबाई डबे पुन्हा लावणारच.

फ्लॉपीचा हिशेब तर न्याराच. १.४४ मेगाबाइट म्हणजे १४४० केबी. इथे केबी १०२४ बाइटचा, पण मेगाबाइट १००० केबीचा! (असा तराजू वाण्याने वापरला असता तर गिऱ्हाइकाने दुकान डोक्यावर घेतलं असतं.)

आजही हौशी मंडळी भंगारातून जुनं ३८६ मशीन उचलून आणतात, रात्रभर खपतात, मोकळी मेमरी दाखवणारी ‘मेम’ ही आज्ञा टाइप करतात. ६१८ केबी मोकळे! त्यात काय चालवायचं, हे ठरायच्या आत मशीन बंद करून झोपतात.