कर्ता पुरुष
एका नेटवर घरातली सगळी यंत्रं चालवायची तर लोक बाजारातून राउटरचा डबा आणतात. मी तसल्यांतला नाही. माळ्यावरचा जुना संगणक खाली काढला, त्यात दोन नेटवर्क कार्डं बसवली, डेबियन चढवलं, आयपी फॉरवर्डच्या शून्याचा एक केला, आयपीटेबल्सला 'मास्करेड'चा नियम दिला आणि सौ.ला हाक मारली. काळ्या पडद्याकडे बघून ती म्हणाली, "छान. दूध आणलंत का?"

मास्करेड म्हणजे काय, तर घरातल्या यंत्रांचे पत्ते १९२.१६८ने सुरू होणारे. उंबऱ्याबाहेर त्यांना कुणी विचारत नाही. म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर हा संगणक स्वतःचा पत्ता घालतो आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला देतो. एकत्र कुटुंबातला कर्ता पुरुषच! तो कर्ता मी, हे ओघानं आलंच.

एका नावाआड सगळं खपणं आमच्या वस्तीत जुनंच आहे. आम्ही राहतो दिल्लीत, हिंदूराव रुग्णालयाजवळ. हे हिंदूराव म्हणजे कागलचे हिंदूराव घाटगे, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ, म्हणजे त्यांचे पती दौलतरावांचे मेहुणे. रिजवरची त्यांची कोठी मुळात बांधली कंपनी सरकारच्या विल्यम फ्रेझरनं. १८३५ साली त्याचा खून झाला, पुढे कोठी हिंदूरावांकडे आली. १८५७च्या वेढ्यात तिथं इंग्रजांचं ठाणं होतं. जवळच अशोकाचा स्तंभ आहे. फिरोजशहा तुघलकानं मेरठहून आणलेला, नंतर स्फोटात पाच तुकडे झालेला, पुन्हा जोडून उभा केलेला. हे सगळं मी प्रत्येक रिक्षावाल्याला सांगतो. तो शांतपणे विचारतो, "अस्पताल के कौन से गेट पे?"

याचा मला संताप येतो. म्हणजे यायचा. एकदा रिक्षात शेजारच्या बाईच्या मांडीवर एक्स-रेचं पाकीट होतं आणि ती ते दोन्ही हातांनी धरून बसली होती. त्या दिवशी मी घाटग्यांना कागलातच राहू दिलं.

असो. परवा चिरंजीवांनी मला न विचारता तळहाताएवढा डबा आणून लावला. नेट चालू होतं, त्यामुळे कर्ता बदलल्याचं घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी रात्री त्या डब्यात शिरून पाहिलं. आत लिनक्स! तोच मास्करेड! सकाळी मी विजय जाहीर केला.

"बाबा, तुम्ही जिंकलात," चिरंजीव म्हणाले. "आता तो संगणक हलवा. त्याच्या पंख्यानं झोप लागत नाही."

तेव्हा वाचकहो, दोन कार्डांचा, चालू स्थितीतला संगणक कुणाला हवा असेल तर कळवा. घाटग्यांचा इतिहास सोबत फुकट. रिक्षाचं भाडंही मी देईन.