देशी आहे, सांभाळून घ्या

२ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजीवर बंदी घातली आणि दोनच दिवसांत अक्षय कुमारने नव्या देशी गेमची घोषणा केली. नाव ‘फौजी’. आमच्या विजयदुर्गच्या खाडीत गाळ काढायलासुद्धा कुणी इतकी घाई केली नव्हती. पबजी गेल्याने सुतकात बसलेल्या पोरांनी लगेच डोळे पुसले. बाजारात येण्याआधीच ५० लाखांच्या आसपास लोकांनी नावं नोंदवली.

२६ जानेवारी २०२१ ला गेम आला. गलवानच्या खोऱ्यात शिरायचं आणि शत्रूला हाणायचं. हाणायचं म्हणजे अक्षरशः, कारण पहिल्या आवृत्तीत बंदूकच नव्हती. पबजीत शंभर जणांनी एका बेटावर उतरून एकमेकांना टिपायचं, हा ज्यांचा रोजचा व्यायाम, त्यांच्या हाती ठोसे आणि दांडकी आली. पाचपैकी चाराच्या वर गेलेले तारे काही दिवसांत तीनच्या आसपास उतरले.

आता एवढ्या नाराजीला उत्तर काय? तर देश. गेम देशी आहे, उत्पन्नाचा २० टक्के वाटा ‘भारत के वीर’ निधीला जाणार आहे, मग तक्रार कसली करता? निधीला पैसे जाणं चांगलंच. पण त्याने हवेत मारलेला ठोसा शत्रूला लागत नाही. हल्ली गेम असो, सिनेमा असो की आंबा पोळी, माल कच्चा निघाला की वेष्टनावरचा तिरंगा मोठा करायचा, अशी पद्धत पडली आहे.

खेळणारेही काही कमी नव्हेत. एकाने गेम उघडण्याआधीच ‘जय हिंद’ लिहून पाच तारे दिले. दुसऱ्याने पबजी गेल्याच्या रागात पहिला ठोसा मारण्याआधी एक तारा दिला. दोघांची सरासरी तीन. गेम दोघांनीही खेळलेला नाही.

माल कच्चा निघाला तर ते मान्य करण्याच्या बाबतीत इंग्रज बरे म्हणायचे. विजयदुर्गचा किल्ला, त्यांच्या भाषेत घेरिया, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कान्होजी आंग्र्यांकडे होता. मुंबईचा गव्हर्नर बून याने तो घ्यायचा म्हणून जाड भिंतींची एक तरंगती तोफनौका बांधून घेतली. तिचं नाव फ्राम. १७२० साली ही नौका मोठ्या थाटात किल्ल्यासमोर आणून उभी केली आणि तोफा डागल्या. गोळे जवळच पाण्यात पडले! तोफांसाठी ठेवलेली भोकंच चुकली होती. मग सुतार बसवले, भोकं पुन्हा कापून घेतली आणि पुन्हा डागून पाहिलं. किल्ल्याला त्याचंही फारसं काही वाटलं नाही. पण ‘नौका आपल्या कंपनीची आहे, गोळा कुठे पडतो ते बघू नका’ असं सांगायला कुणी उभं राहिलं नाही. किल्ला पडला तो १७५६ मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्ह आले तेव्हा. त्या वेळी पेशवे त्यांच्या बाजूने होते. पण हा विषय आम्ही गावात काढत नाही.

देशी माणसाला सुतार बोलावता येत नाही असं मात्र नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ बघा. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायला निघाले, ते जमलं नाही. संस्थापकांपैकी एकीने स्वतःचं घर विकलं. २०२० मध्ये गेम आला आणि डोळ्यांना सुखावून गेला. राजस्थानी धाटणीचे महाल, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली सर्कशीतली मुलगी, आणि मधल्या गोष्टी सांगायला छायाबाहुल्या. आमच्या पिंगुळीच्या ठाकरांनी पिढ्यान्‌पिढ्या पडद्यामागे दिवा लावून जे केलं, ते बघायला लोक आता पैसे मोजून गेम विकत घेतात, हे पाहून बरं वाटलं. पिंगुळीला कितीजण जातात, ते विचारू नका.

तरीही टीका झालीच आणि ती खरी होती. लढाई अवघडलेली, गेम पाच-सहा तासांत आटोपणारा, शेवट तर असा की गोष्ट संपली की वीज गेली ते कळू नये. शिवाय कॅमेरा. आमच्याकडच्या एका पोराने दहाव्यांदा दरीत पडल्यावर जे परीक्षण केलं, ते कुठल्याही मासिकाने छापावं असं होतं: “कॅमेरो खय बघता नि चेडू खय उडी मारता!” त्यात ‘तुमची कला उच्च आहे, परंतु’ नाही आणि तुमच्या आईबापांचा उद्धारही नाही. दोष कुठे आहे, तो तेवढा सांगितला.

घर विकून केलेल्या कामाबद्दल असं ऐकायला लागलं, तर माणसाने दार लावून बसावं आणि कुणी दोष देऊ नये. पण या मंडळींनी २०२२ मध्ये सुधारलेली आवृत्ती काढली. लढाई नव्याने बसवली, हालचाली नीट केल्या. आधी दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी इंग्रजीत बोलत होते, त्यांना हिंदी बोलायला शिकवलं. घराच्या बदल्यात कुणाकडे टाळ्या मागितल्या नाहीत.

दशावतारी नाटकातल्या राजाला एवढी सवड नसते. त्याच्या हातात लिहिलेली संहिता नाही, संवाद जागच्या जागी सुचायचे. जत्रेत रात्री दोन वाजता त्याचं भाषण लांबलं की मागून कुणीतरी ओरडतो, “रे, पुरे कर, आता लढाई लाव!” आणि राजा सांस्कृतिक वारशाचा मुद्दा न काढता तलवार उपसतो. ओरडणारा थंडीत घोंगडी पांघरून रात्रभर बसलेला असतो, म्हणून त्याचं ऐकलं जातं. वाटेत मोटारसायकल थांबवून दोन मिनिटं बघणाऱ्याने तेच ओरडलं असतं, तर राजाने त्यालाच राक्षस करून घेतला असता.

गेम कंपन्यांचं नेमकं इथेच उलटं आहे. दोनशे तास खेळून, कुठल्या बंदुकीचा नेम कितव्या गोळीला ढळतो हे पाठ करून शिव्या घालणारा पोरगा त्यांना शत्रू वाटतो. ‘जय हिंद’वाला आधारस्तंभ वाटतो; तो तर पुढच्या आठवड्यात फोनमध्ये जागा करायला सगळ्यात आधी हाच गेम काढून टाकणार आहे. पहिल्याला पगार देऊन ठेवायला हवा. निदान त्याचं म्हणणं शेवटपर्यंत वाचायला हवं, शुद्धलेखन सोडून.

अर्थात पहिलाही काही संत नव्हे. पबजीचा भारतीय अवतार बीजीएमआय २०२१ च्या जुलैत आला, तेव्हापासून विजयदुर्गच्या धक्क्यावर त्याच्या नावाने रोज बोंब होती. लॅग मारता, हेडशॉट मारलंय तरी मरणा नाय, कंपनी लुटता. पुढच्या वर्षी जुलैत तोही सरकारने काढायला लावला. आता सगळे सुटले असं वाटलं, तर ही पोरं पंधरा दिवस ताप आल्यासारखी हिंडत होती. २०२३ च्या मे महिन्यात गेम परत आला, पण अटी घेऊन: अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, मोठ्यांना सहा. लॅगची तक्रार त्या दिवसापासून मागे पडली. मग राग याचा की ज्या भिकार गेमला आपण एक तारा दिला, तो दिवसाला सहाच तास खेळायला मिळत होता.