अण्णांची शिफारस

शेतीखात्यातला माणूस निवृत्त होत नसतो, त्याची घरी बदली होते. आमचे सासरे, अण्णा, उभी हयात नगर जिल्ह्यात कापसाच्या आणि उसाच्या बांधावर काढून आता वर्षाआड आमच्याकडे ओहायोत येतात. अधिकारक्षेत्र बदललं तरी सूर बदललेला नाही. बायकोने कोथिंबीर निवडायला घेतली की हे शेजारी बसून, "शिफारस अशी आहे की..." दुकानातून टोमॅटो आणला तर चव नंतर, आधी वाण कोणता ते सांगा. ऊन पडलं की हात मागे बांधून घराभोवती एक चक्कर होते. तिला ते फिरणं म्हणत नाहीत. पाहणी म्हणतात.

ऑक्टोबरात ही पाहणी कारणी लागली. आमच्या मागे सोयाबीनची शेतं आहेत. काढणी उरकली, दोन रात्री कडाक्याची थंडी पडली आणि मग एकदम उबदार दुपार आली, तशी घराची दक्षिणेकडची पांढरी भिंत नारिंगी दिसू लागली. ढालकिडे! हजारांनी. संध्याकाळपर्यंत ते खिडक्यांच्या चौकटीत, पडद्याच्या चुण्यांत आणि दिव्यांच्या काचेत होते. एक आमटीत पडला, तेव्हा बायको म्हणाली, "उद्या फवारणीवाल्याला बोलावते."

"औषध? ढालकिड्याला?" अण्णांचा घास हातातच राहिला.

त्यांचंही बरोबर होतं. गावोगावच्या मेळाव्यांत ह्याच किड्याचं चित्र उंच धरून त्यांनी सांगितलं होतं, की हा आपला मित्र, मावा खातो, ह्याची एकेक अळी शेकडो मावा फस्त करते, हा दिसला की पंप खाली ठेवा. आता पोटच्या मुलीने पंप उचलावा?

त्यांनी एक किडा वाटीखाली धरला, भिंग लावलं. डोक्यामागच्या पांढऱ्या भागावर काळी, इंग्रजी 'एम'सारखी खूण दिसली. झालं, व्याख्यान सुरू. हा मूळचा पूर्व आशियातला. मावा आवरायला इथल्या शेतीखात्यानेच तो मुद्दाम आणला. १९१६ मध्ये कॅलिफोर्नियात सोडला, पुढे ठिकठिकाणी सोडत राहिले, पण कुठे टिकेना. १९८८ मध्ये लुइझियानात त्याने मूळ धरल्याचं दिसलं आणि मग त्याला आवरणारं कोणी उरलं नाही. मूळ मुलखात तो हिवाळ्यात उंच कड्यांच्या कपारींत जाऊन बसतो. ओहायोत कडे कुठले? उन्हात चमकणारं पांढरं घर त्याला कड्यासारखं दिसतं. "खात्याची योजना यशस्वी झाली की असंच होतं," अण्णा म्हणाले, आणि त्यात तक्रार नव्हती, अभिमानच होता.

मग डायरी निघाली. दर खिडकीला किती किडे, दिवाणखान्यात किती, जिन्यात किती. आर्थिक नुकसानीची पातळी ठरवल्याशिवाय नियंत्रण करायचं नसतं. हा किडा लाकूड पोखरत नाही, कपडे कुरतडत नाही, घरात अंडी घालत नाही. सबब नुकसान शून्य, उपाय नको. बायकोने शांतपणे नवा पांढरा पडदा आणून त्यांच्या पुढ्यात पसरला. किडा दाबला गेला की पायांच्या सांध्यांतून पिवळा द्रव सोडतो. त्याचे डाग जाता जात नाहीत आणि वास खवट शेंगदाण्यासारखा येतो. अण्णांनी डाग पाहिला, मुलीचा चेहरा पाहिला आणि डायरीत लिहिलं, "पातळी ओलांडली."

पण विष नाहीच. भिंतीच्या पोकळीत औषध मारलं तर किडे तिथेच मरणार आणि ते मढं खायला गालिचे कुरतडणारे दुसरे किडे येणार. त्यापेक्षा वाट बंद करा. मग उदबत्ती पेटवून ते प्रत्येक खिडकीपाशी उभे राहिले. धूर जिथे वळला तिथे फट. माझ्या हातात सिलिकॉनची नळी. केबल आत येते ते भोक, दाराखालची फट, पोटमाळ्याच्या झरोक्याची फाटकी जाळी, सगळं बुजवलं. "हे सप्टेंबरातच व्हायला हवं होतं," असं त्यांनी पंचनाम्याच्या आवाजात मला तीनदा ऐकवलं.

आत आलेल्यांसाठी व्हॅक्यूम. बायकोचा नायलॉनचा पायमोजा नळीच्या तोंडात खुपसायचा, कड बाहेर दुमडून रबर लावायचं. किडे मोज्यात जमतात. मशीन बंद करायच्या आधी मोजा ओढून पीळ द्यायचा, नाहीतर सगळे आल्या वाटेने परत. इथवर अण्णा निष्णात होते. पुढचा टप्पा साबणाच्या पाण्याची बादली. वळवळता मोजा हातात धरून ते बादलीपाशी उभे राहिले, उभेच राहिले. शेवटी सासूबाई आल्या, म्हणाल्या, "द्या इकडे," आणि मोजा बुडवून पुन्हा पोळ्यांकडे गेल्या.

एक मोजा मात्र अण्णांनी लपवला होता. आमच्या दिवाणखान्यातल्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर मावा पडला होता आणि रविवारी मंडळातली माणसं चहाला यायची होती. अण्णांनी प्रात्यक्षिक जाहीर केलं. कप हातात धरून सगळे कुंडीभोवती जमले. अण्णांनी मोजा सोडला. किडे फांदीवर चढले, माव्यावरून चालत गेले, शेंड्याला पोचले आणि एकेक करून दिव्याकडे उडाले. हिवाळा काढायला आलेला ढालकिडा जेवायला आलेलाच नसतो.

"रजेवर आहेत," अण्णांनी खुलासा केला. "एप्रिलात कामावर हजर होतील."

माणसं गेल्यावर सासूबाईंनी कुंडी न्हाणीत नेली आणि पाण्याच्या जोरदार धारेखाली मावा धुऊन काढला. अण्णा तोवर डायरी लिहीत होते. मी डोकावून पाहिलं. त्यात आमचे सगळे संगणकवाले स्नेही आले होते: "उपस्थित शेतकरी : नऊ. प्रात्यक्षिक समाधानकारक. चहापान झाले."