नवशिक्या गाडामालकासाठी चिकाटीचे धडे

बैलगाडा शर्यतीत उतरायचं तर सर्वप्रथम शिरूरचा रस्ता धरा. दौंडकडचे असाल तर चौफुल्यावरून न्हावऱ्याला या. उसाच्या ट्रॉल्यांमागून येता येता सबुरीचा पहिला धडा वाटेतच होऊन जातो. बैल अजून घेतला नसेल तर उत्तम. तो सगळ्यात शेवटी लागतो.

आधी वकील बघा. घाटातली, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवरची, बारी (एका गाड्याची धाव) बारा-तेरा सेकंदांत आटोपते, तिची तयारी मात्र 2011 पासून करावी लागते. त्या जुलैत केंद्राने खेळांना मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. 2017 मध्ये राज्याने कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. या तारखा न अडखळता म्हणता येईपर्यंत दाव्याला हात लावू नये.

मग खुराक. बंदीच्या साडेसात वर्षांत गाडा पळत नव्हता, बैल मात्र खात होता. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, दूध, अंडी, खारीक. वर पहाटे पोहायला नेणं आलंच. घरात कोणी "शर्यत कधी?" असं विचारलं की "पुढच्या तारखेला" म्हणावं. खोटं ठरत नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. 2014 मध्ये ऐन भरात असलेला बैल 2021 उजाडेपर्यंत म्हातारा झाला होता. डाळ खाल्ली त्याने, गुलाल पडला दुसऱ्याच खोंडावर. यावर उपाय विचारू नका, मला सापडलेला नाही.

आता प्रत्यक्ष घाट. टोकन निघतं, तुमचा नंबर भर दुपारचा लागतो. चार बैल जुंपलेले, पुढे घोडी, गाड्यावर हाकणारा कोणी नाही. जुंपताना माणसं बैलांना बिलगून उभी असतात. एकाचा हात आधी सुटला की बारी गेली. चाबूक, काठी, शॉक यांचा विचारही नको. 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ते योग्यच आहे. घोडी कोणी धरायची, म्हणजे गाड्यापुढे तिच्यावर कोणी बसायचं, हे आधी ठरवा. 2022 मध्ये निमगावच्या घाटात खासदार अमोल कोल्हे यांनी धरली होती, पण दर गाड्याला खासदार कुठून आणणार?

भोंग्यावर "भिर्रर्र" ऐकू येईतो निशाण पडलेलं असतं. घड्याळवाल्याच्या अंगठ्याकडे बघू नका, त्याने सेकंद कमी होत नाहीत.

हरलात तर कारण तयार ठेवा. घाटात खडी होती. घोडी मागे पडली. घड्याळवाला जिंकणाऱ्यांचा पाहुणा. यातलं एकच सांगावं. तिन्ही सांगितलीत तर पुढच्या जत्रेत शेजारी बैल धरायला येत नाहीत.