दोन घरचा पाहुणा

कोथरूडमध्ये मी भाडेकरू आहे आणि वाघोलीत घरमालक. ही योजना आमच्या मेहुण्यांची. “दाजी, फ्लॅट घ्या, भाड्याने द्या. हप्ता भाडेकरूच फेडतो!”

फ्लॅट 60 लाखांचा, त्यातले 45 लाख बँकेचे. हप्ता बसला 39,000 आणि भाडं ठरलं 16,000. मधले 23,000 मेहुणे फेडणार असावेत, अशा समजुतीने मी सह्या केल्या. वर्षाचं भाडं किमतीच्या जेमतेम तीन टक्के आणि कर्ज साडेआठ टक्क्यांचं, हे गणित चौथीतलं पोरही सोडवेल. पण तेव्हा आमच्या घरात चौथीतलं कुणी नव्हतं.

मालकीचा पहिला मान सोसायटीने केला. स्वतः राहत नाही म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस! सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, असं मी सेक्रेटरींना ठणकावलं. त्यांनी बरोबर दहा टक्केच लावले होते. पुण्यात आपल्याच घरात राहणाऱ्याला मिळकतकरात 40 टक्के सवलत असते. तीही अर्थातच गेली.

मग 11 महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार. एजंटचा पोरगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. भाडेकरूचा अंगठा पहिल्या झटक्यात उमटला, माझा काही केल्या उमटेना.

“काका, घरी भांडी तुम्ही घासता का?” पोराने अदबीने विचारलं. आतून हिचं हसू ऐकू आलं.

अंगठा उमटणं भाग होतं. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार नोंदवायची जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदवला नाही आणि पुढे वाद झाला, तर मालकाला उलट सिद्ध करता येईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. मेहुणे या कलमाबद्दल काही बोलले नव्हते.

पण खरी ओढाताण झाली ती तत्त्वांची. गीझर बिघडला तर दुरुस्ती मालकानेच करावी, असं माझं कोथरूडमध्ये ठाम मत असतं. वाघोलीकडे जाताना येरवड्याच्या आसपास ते डळमळू लागतं आणि खराडी ओलांडेपर्यंत, ‘जो वापरतो त्याने बघावं’ इतकं स्वच्छ होतं. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणं हा इकडे अन्याय, तिकडे रिवाज.

यंदा कोथरूडच्या मालकांनी दहा टक्के वाढ मागितली. महागाई, इतक्या वर्षांचा घरोबा, घर आम्ही कसं आरशासारखं ठेवतो, असा लांबलचक मेसेज मी त्यांना पाठवला. तो मला आदल्याच आठवड्यात वाघोलीहून आला होता. मी फक्त ‘सर’ काढून ‘काका’ घातलं. उलट टपाली उत्तर आलं, “भावना पोचल्या. पण आम्हालाही बँकेचे हप्ते आहेत.”

एक अक्षरही न बदलता मी ते वाघोलीला पाठवून दिलं.